खासगीपणा नागरिकाचा, पडदा सरकारवर

केंद्र सरकारने १४ नोव्हेंबर २०२५ रोजी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियम अधिसूचित केले, तेव्हा चर्चा झाली ती अपेक्षित मुद्द्यांची. कोणत्याही अ‍ॅपला आता आपली संमती सोप्या भाषेत मागावी लागेल. मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची परवानगी घ्यावी लागेल. माहिती फुटली तर कंपनीला ती गोष्ट दडवून ठेवता येणार नाही आणि सुरक्षेत हयगय झाल्यास दंडाची रक्कम २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकेल. अनोळखी क्रमांकांवरून रोज येणाऱ्या कर्जाच्या आणि विम्याच्या चौकश्यांनी त्रासलेल्या मध्यमवर्गाला हे सारे हवेच होते. मलाही हवे होते.

तथापि त्याच अधिसूचनांमध्ये एक वेळापत्रकही होते. संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये संमत केलेला आणि सव्वादोन वर्षे कागदावरच राहिलेला हा कायदा कोणत्या टप्प्यांनी अमलात येणार, हे त्यात सांगितले होते. आपली माहिती कोणाकडे आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून वा पुसून घेण्याचा आणि दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क देणारी कलमे अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. कंपन्यांना तयारीसाठी अवधी हवा, हे कारण समजण्यासारखे आहे. मात्र कलम ४४ चे उपकलम (३) तत्काळ लागू झाले. या उपकलमाचा अ‍ॅपशी, समाजमाध्यमांशी किंवा एखाद्या कंपनीच्या सर्व्हरशी काही संबंध नाही. ते माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ८(१)(ञ) बदलते. नागरिकाच्या हाती ढाल पडायला दीड वर्ष लागणार आहे. अधिकाऱ्याला पडदा मात्र त्याच दिवशी मिळाला.

हा बदल दिसायला किरकोळ आहे. त्याचे परिणाम किती दूरवर जातील हे समजून घ्यायचे, तर माहितीचा अधिकार या देशात कशासाठी मागितला गेला, हे आधी आठवावे लागेल.

हजेरीपटावरची नावे

माहिती अधिकाराची चळवळ दिल्लीतील परिसंवादांत जन्माला आलेली नाही. ती मध्य राजस्थानातील दुष्काळी कामांवर जन्मली. १९९० मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेचा पहिला प्रश्न साधा होता: सरकारने ठरवलेली किमान मजुरी आम्हाला का मिळत नाही? उत्तर येई की हजेरीपटावर कामच कमी नोंदले आहे. मग तो हजेरीपट दाखवा, असे मजूर म्हणत. तो दाखवता येणार नाही, कारण ते सरकारी दप्तर आहे, असे त्यांना सांगितले जाई. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराणा येथे पहिली जनसुनवाई झाली. मिळवलेल्या कागदांवरची नावे गावासमोर मोठ्याने वाचली गेली आणि त्या वाचनातच भ्रष्टाचाराचा पंचनामा झाला. पुढे एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा त्या काळातली. त्या धाग्याचे दुसरे टोक आपल्याकडे होते. तमिळनाडू आणि गोवा यांनी १९९७ मध्ये, तर अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राने २००२ मध्ये माहिती अधिकाराचा कायदा केला. केंद्राचा कायदा आला तो २००५ मध्ये.

काही वर्षांपूर्वी राजस्थानातील एका गावात सामाजिक लेखापरीक्षणाच्या सभेला मी हजर होतो. शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरलेल्या होत्या. एक तरुण कार्यकर्ती तळ्याच्या कामाचा हजेरीपट वाचत होती: नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, दिवस, रक्कम. बराच वेळ काहीच घडले नाही. मग एका नावापाशी मागच्या बाजूला बसलेल्या बायकांत कुजबुज झाली, आणि एक म्हातारी उभी राहून म्हणाली की हा तर माझा दीर, त्याला जाऊन तीन वर्षे झाली. सभा एकदम जागी झाली. पुढच्या तासाभरात सुरतेला कामाला गेलेले दोघे, सासरी गेलेली एक मुलगी आणि कुदळ कधीही न धरलेला एक दुकानदार त्याच यादीत सापडले.

त्या सभेत मी एक गोष्ट शिकलो. सरकारी पैशातील चोरी आकड्यांतून सापडत नाही, ती नावांतून सापडते. तळ्यावर अमुक लाख रुपये खर्च झाले, अमुक हजार मनुष्यदिवस काम झाले, हे आकडे संकेतस्थळावर कितीही झळकले तरी गावातल्या कोणालाही ते पडताळता येत नाहीत. गावाला माणसे ठाऊक असतात. म्हणून यादीतील नाव हाच सामान्य माणसाचा लेखापरीक्षक असतो. आणि नाव ही, कोणत्याही व्याख्येने पाहिले तरी, वैयक्तिक माहिती आहे.

शहरी वाचकाला हे खेड्यापुरते वाटू नये. कुलाब्यातील ३१ मजली आदर्श इमारतीचे प्रकरण २०१० मध्ये गाजले, त्याच्या मुळाशीही एक यादीच होती. सोसायटीचे सदस्य कोण, आणि ज्यांच्या सहीने परवानग्या मिळाल्या त्यांच्याशी त्या सदस्यांचे नाते काय, हा तिथला प्रश्न होता. माहिती अधिकारात मिळालेल्या कागदांचा त्यात मोठा वाटा होता, आणि त्याची परिणती मुख्यमंत्र्यांच्या राजीनाम्यात झाली. नावे काढून घेतली असती, तर त्या कागदांत उरले असते ते केवळ चटईक्षेत्र.

सहा शब्दांची दुरुस्ती

आता कायद्याच्या शब्दांकडे येऊ. मूळ कलम ८(१)(ञ) खासगीपणाविषयी बेफिकीर नव्हते. ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी वा सार्वजनिक हिताशी संबंध नाही, किंवा जी दिल्याने एखाद्याच्या खासगी आयुष्यात अनाठायी ढवळाढवळ होईल, ती माहिती नाकारण्याची मुभा त्यात होती. त्यावर व्यापक जनहिताचा अपवाद होता. शिवाय एक परंतुक होते: जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. नागरिक आणि लोकप्रतिनिधी यांना एका पायरीवर आणणारे ते वाक्य म्हणजे या कायद्याचा आत्मा होता, असे मी मानतो.

नव्या रूपात हे सारे गेले. इंग्रजी मसुद्यात केवळ सहा शब्द उरले, आणि त्यांचा अर्थ एवढाच की वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती देण्याचे बंधन नाही. सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे पाहायला नको. ढवळाढवळ अनाठायी आहे का, हे तपासायला नको. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणजे काय, याची व्याख्या माहिती अधिकार कायद्यात नाही. डेटा संरक्षण कायद्याकडे वळावे, तर तिथे ओळख पटू शकेल अशा व्यक्तीविषयीची कोणतीही माहिती म्हणजे वैयक्तिक डेटा. या व्याख्येत न बसणारी फाइल सरकारी कपाटात शोधून सापडणार नाही. निविदा मंजूर करणाऱ्याची सही, पुलाची तपासणी करणाऱ्या अभियंत्याचे नाव, भरतीची गुणवत्ता यादी, बनावट जातप्रमाणपत्राच्या चौकशीचा अहवाल, यांतील प्रत्येक गोष्ट कोणा ना कोणा व्यक्तीची आहे. सरकार माणसेच चालवतात, त्यामुळे माणसांना वगळून सरकारची माहिती देता येत नाही.

जुन्या कलमाचा गैरवापर होत नव्हता, असे मी म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणात ऑक्टोबर २०१२ मध्ये निकाल दिला. एका सरकारी कर्मचाऱ्याला बजावलेल्या नोटिसा, झालेल्या शिक्षा आणि त्याची मालमत्ता ही वैयक्तिक माहिती ठरवली गेली. तेव्हापासून अनेक जनमाहिती अधिकारी तो निकाल साच्यासारखा वापरत आले. पण त्याही स्थितीत अपिलात जाऊन ‘या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे’ असे म्हणण्याची जागा अर्जदाराला होती, आणि माहिती आयुक्ताला तो संबंध तपासावा लागे. दुरुस्तीने गैरवापर थांबवला नाही, त्यालाच नियमाचे रूप दिले.

माझाच अनुभव सांगतो. एका शहरात वारंवार खचणाऱ्या रस्त्याच्या कामाची गुणवत्ता तपासणी कोणत्या अधिकाऱ्यांनी, कोणत्या तारखांना केली, अशी माहिती मी या दुरुस्तीनंतर एका कार्यालयाकडे मागितली. उत्तर एका ओळीचे आले: मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. कार्यालयाचे नाव घेण्यात अर्थ नाही. उत्तर लिहिणाऱ्या अधिकाऱ्यावर माझा रागही नाही. त्याच्या खुर्चीत बसून पाहिले, तर त्याचे गणित चोख आहे. माहिती विनाकारण नाकारल्याबद्दल माहिती अधिकार कायद्यात दंड आहे तो दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार रुपये, आणि तोही होईल तेव्हा. दुसरीकडे नव्या कायद्यात दंडाचे आकडे कोटींत मोजले जातात आणि दोन कायद्यांत विसंगती आल्यास डेटा संरक्षण कायदाच वरचढ ठरेल, असे कलम ३८ सांगते. देऊन अडचणीत येण्यापेक्षा न देणे बरे, असे त्याला वाटले तर नवल काय? कायदे हेतूंनी चालत नाहीत. खालच्या टेबलावर बसलेल्या माणसाला कशाची भीती वाटते, यावर ते चालतात.

सरकारचे उत्तर आणि त्यातील फट

सरकारची बाजूही नीट मांडली पाहिजे. पहिला युक्तिवाद असा की सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यामुळे दोन्ही कायद्यांचा मेळ घालणे भागच होते. दुसरा असा की माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(२) जसेच्या तसे आहे. संरक्षित हितापेक्षा जनहित मोठे असेल, तर सूट असलेली माहितीही देण्याची मुभा त्यात आहे. तिसरा असा की कायद्यानुसार जी माहिती जाहीर करणे बंधनकारक आहे तिला डेटा संरक्षण कायदा लागूच होत नाही.

पहिल्या युक्तिवादाचे उत्तर न्यायालयानेच दिले आहे. सरन्यायाधीशांचे कार्यालय माहिती अधिकाराच्या कक्षेत येते, असा निकाल घटनापीठाने नोव्हेंबर २०१९ मध्ये, म्हणजे पुट्टस्वामी निकालानंतर, दिला. त्या वेळी जुन्या कलम ८(१)(ञ) मध्येच खासगीपणा आणि जनहित यांचा तोल साधण्याची सोय आहे, हे गृहीत धरून न्यायालयाने विवेचन केले. मेळ आधीच होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक रोख्यांची योजना घटनाबाह्य ठरवताना तर न्यायालयाने देणगीदाराचा खासगीपणा आणि मतदाराचा माहितीचा हक्क हे दोन्ही तराजूत घातले. पक्षांना पैसे कोणी दिले, हे जाणण्याचा मतदाराचा हक्क त्या प्रकरणात भारी ठरला. तिथेही आधी नावांच्या दोन सुट्या याद्या आल्या, रोख्यांचे क्रमांक नंतर आले, आणि क्रमांक आल्यावरच कोणत्या पक्षाला कोणाकडून किती मिळाले हे जुळवता आले. हक्क दोन असतील तर ते तोलायचे असतात, हा पुट्टस्वामी निकालाचा धडा आहे. दुरुस्तीने तराजूच उचलून नेला.

दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. कलम ८(२) आहेच. पण जुन्या कलमानुसार सार्वजनिक कामाशी संबंधित वैयक्तिक माहिती मुळात सूट असलेल्या वर्गात मोडतच नव्हती. अर्जदाराला काही सिद्ध करावे लागत नव्हते. आता ती आधी निषिद्ध ठरेल, आणि मग जनहित मोठे आहे हे अर्जदाराला पटवून द्यावे लागेल. हजेरीपटात मेलेल्या माणसाचे नाव आहे, हे हजेरीपट पाहण्याआधी कोणी कसे सिद्ध करायचे? शिवाय याच कायद्याच्या कलम ६ नुसार अर्जदाराला माहिती का हवी याचे कारण विचारता येत नाही. पुढच्या दाराने बंद केलेला तो प्रश्न आता मागच्या दाराने आत आला आहे. आणि कलम ८(२) मध्ये प्राधिकरणाला मुभा आहे, सक्ती नाही. हक्क आणि मेहेरबानी यांतला फरक तो हाच.

तिसरा युक्तिवाद तर माहिती अधिकाराचे प्रयोजनच विसरतो. जे जाहीर करणे बंधनकारक आहे ते जाहीर होईलच, असे घटकाभर धरू. उदाहरणार्थ अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार रेशन व्यवस्थेचे अभिलेख लोकांसाठी खुले ठेवावे लागतात. पण माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो तो जे आपणहून जाहीर झालेले नाही त्यासाठी.

खासगीपणाची भीती खोटी नाही

माहिती अधिकाराचे अनेक समर्थक खासगीपणाचा प्रश्न उडवून लावतात. ते मला मान्य नाही. ज्या देशात सरकारी संकेतस्थळांनी लाभार्थ्यांचे आधार क्रमांक आणि बँक खाती उघड्यावर टाकली, त्या देशात ही भीती खरी आहे. २०१७ मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेच्या अभ्यासाने दाखवले होते की चार सरकारी पोर्टलांवरून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक उघड झाले असावेत. कोणा गरोदर स्त्रीची आरोग्यनोंद, एचआयव्हीबाधिताचे नाव, अत्याचारपीडितेचा पत्ता, शिष्यवृत्तीच्या यादीतून उघड होणारा एखाद्या मुलाचा आजार किंवा अपंगत्व, या गोष्टी पारदर्शकतेच्या नावाखाली कोणाच्याही हाती पडता कामा नयेत. सहकाऱ्याचा सूड उगवण्यासाठी त्याच्या रजेचे अर्ज मागवणारे लोक आहेत, हेही मी जाणतो.

पण या प्रत्येक उदाहरणाचे उत्तर जुन्या कायद्यात होते. आरोग्यनोंदीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, म्हणून ती नाकारता येत होती. सहकाऱ्याच्या रजेचे कारण मागणे ही अनाठायी ढवळाढवळ, म्हणून तेही नाकारता येत होते. आणि कलम १० नुसार कागदाचा संवेदनशील भाग काळा करून उरलेला भाग देता येतो. मजुराचे नाव, कामाचे दिवस आणि दिलेली रक्कम दाखवा, त्याचा आधार क्रमांक आणि खाते क्रमांक झाका. गावाला पडताळणीसाठी लागते ते पहिले, आणि भामट्याला लुबाडणुकीसाठी लागते ते दुसरे. ही रेघ काढायला फार मोठे तंत्रज्ञान लागत नाही. ती न काढल्यामुळे १३ कोटी क्रमांक उघडे पडले, आणि तीच न काढता आता नावेही झाकली जात आहेत. आधी निष्काळजीपणा होता, आता अतिदक्षता आहे, आणि दोन्ही वेळा तोटा नागरिकाचाच.

ही रेघ कशी काढावी, याची वाट आपल्या तज्ज्ञांनी दाखवली होती. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये सादर केलेल्या विधेयकाच्या मसुद्यातही कलम ८(१)(ञ) मध्ये बदल सुचवला होता. मात्र त्यात संबंधित व्यक्तीला होणारी हानी आणि पारदर्शकतेतील जनहित यांची तुलना करण्याची अट होती. युरोपीय संघाचा डेटा संरक्षण नियम जगात सर्वांत कडक समजला जातो. त्याच्या अनुच्छेद ८६ नुसार शासकीय दस्तऐवजांतील वैयक्तिक माहिती त्या त्या देशाच्या कायद्यानुसार खुली करता येते, आणि अनुच्छेद ८५ पत्रकारितेसाठी सवलती ठेवायला सांगतो. आपल्या २०२३ च्या कायद्यात पत्रकारितेसाठी अशी सवलत नाही. श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यात ती होती.

काच कोणत्या बाजूने पारदर्शक?

एकेक कलम सुटे पाहिले तर त्याचे काही ना काही समर्थन करता येते. चित्र उलगडते ते कलमे शेजारी ठेवल्यावर. डेटा संरक्षण कायद्याचे कलम १७(२) केंद्राला आपल्या कोणत्याही यंत्रणेला सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी या कायद्यातून पूर्णतः वगळण्याचा अधिकार देते. कलम ३६ नुसार केंद्र कंपन्यांकडून माहिती मागवू शकते. तक्रारींचा निवाडा करणाऱ्या डेटा संरक्षण मंडळावरील नेमणुका केंद्रच करणार. माहिती फुटल्याने ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मिळण्याची तरतूद माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये होती, ती हा कायदा रद्द करतो. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाईल. उलट तक्रारदाराने खोटी वा क्षुल्लक तक्रार केली, तर त्यालाच १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याचा अधिकार २०१९ च्या दुरुस्तीने केंद्राने आपल्याकडे घेतला होता, तेही याला जोडून पाहावे. सरकार नागरिकाचे बोट, बुबुळ, चेहरा, खाते आणि प्रवास पाहू शकते. नागरिकाला मात्र आपल्या वॉर्डातील रस्ता कोणी तपासला हे पाहता येत नाही. प्रजासत्ताकात हे उलटे असायला हवे. सत्ता जितकी मोठी तितकी ती उघडी, आणि माणूस जितका दुबळा तितका त्याचा पडदा जाड, हे खासगीपणाच्या हक्कामागचे तत्त्व आहे. पुट्टस्वामी हे स्वतः निवृत्त न्यायाधीश. वयाच्या ऐंशीच्या घरात असताना ते आधार योजनेविरुद्ध न्यायालयात गेले, ते राज्यसंस्थेच्या नजरेपासून नागरिकाला आडोसा मिळावा म्हणून. त्या निकालाचा आधार घेऊन राज्यसंस्थेनेच नागरिकाच्या नजरेपासून आडोसा शोधावा, हा त्या म्हाताऱ्या याचिकाकर्त्यावर झालेला अन्याय आहे.

यात आपलाही वाटा आहे, हे कबूल केले पाहिजे. खासगीपणा म्हणजे फोन क्रमांक आणि नको असलेल्या जाहिराती, एवढीच समजूत आपण करून घेतली. किराणा मागवण्याच्या अ‍ॅपला आपण न वाचता ‘मान्य’ म्हणतो आणि मग सरकारने आपल्याला कंपन्यांपासून वाचवावे अशी अपेक्षा ठेवतो. विधेयक लोकसभेत आले तेव्हा मणिपूरवरून सभागृहात गदारोळ चालू होता, आणि आवाजी मतदानाने ते संमत झाले. माहिती अधिकाराचा गळा आवळणारे उपकलम त्या मसुद्याच्या शेवटच्या पानांत होते. आपण ग्राहक म्हणून पहिली पाने वाचली. नागरिक म्हणून शेवटची वाचायला हवी होती.

मागणी साधी आहे

यावर उपाय अवघड नाही आणि त्यासाठी डेटा संरक्षण कायदा रद्द करण्याची गरज नाही. कलम ४४(३) वगळावे आणि कलम ८(१)(ञ) चे मूळ शब्द, परंतुकासह, परत आणावेत. ते जमत नसेल तर निदान श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यातील हानी आणि जनहित यांच्या तुलनेची अट तरी घालावी. सरकारी कर्तव्य बजावताना केलेली कृती आणि सार्वजनिक पैशातून दिलेली रक्कम ही ‘वैयक्तिक माहिती’ ठरणार नाही, असे एक स्पष्टीकरण जोडावे. याद्या प्रसिद्ध करताना काय झाकायचे आणि काय दाखवायचे, याचे एकसारखे नमुने सर्व खात्यांसाठी तयार करावेत. दुरुस्तीची घटनात्मकता ठरवणे हे न्यायालयाचे काम आहे. पण तोवर राज्यांच्या हातातही बरेच काही आहे. कलम ४ नुसार जे आपणहून जाहीर करायचे आहे ते व्यापकपणे जाहीर करण्यापासून कोणत्याही राज्याला कोणी अडवलेले नाही. राजस्थानने २०१९ मध्ये जन सूचना पोर्टल उघडून ते करून दाखवले. केंद्राच्या आधी माहिती अधिकाराचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्र आणि गोव्याने याबाबत मागे राहावे, असे काही कारण मला दिसत नाही.

त्या गावातील सभा संपली तेव्हा अंधार पडला होता. ज्याच्या नावावर मजुरी उचलली गेली, त्या मेलेल्या माणसाच्या म्हाताऱ्या भावजयीला मी निघताना विचारले की तुमच्या घरातले नाव असे चारचौघांत वाचले गेले, याचे वाईट नाही वाटले? तिने माझ्याकडे थोडे नवलाने पाहिले. नाव आमचे होते, ती म्हणाली, पैसे त्यांनी खाल्ले. लाज कोणाला वाटायची?

दिल्लीत ज्यांनी ही दुरुस्ती लिहिली, त्यांनी हा प्रश्न स्वतःला एकदा विचारायला हवा होता.